अबोली बियांपासूनही येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परसबागेच्या सदरात अबोलीवर लेख आला होता. पाणी किती, ऊन किती, छाटणी केव्हा, सगळे नीट सांगितले आहे. पण मध्येच एका वाक्यात लेखकमहाशयांनी ठोकून दिले आहे की अबोलीला बी धरत नाही, म्हणून फांदी लावावी नाहीतर नर्सरीतून रोप आणावे. आमच्या वाडीत हे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा बायका हसल्या. हसून झाल्यावर एकीने विचारले, "मग आमच्या पायरीच्या फटीतली अबोली कोणी लावली?" म्हणून हे पत्र.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले, शिरोड्याच्या बाजूचे. इकडे दारची अबोली म्हणजे दारची दुभती म्हैस. सकाळी फुले काढायची, केळीच्या सोपटाच्या धाग्यात वळेसर, म्हणजे गजरे, गुंफायचे आणि बाजारात नाहीतर देवळाच्या वाटेवर नेऊन बसायचे. मार्च-एप्रिलमध्ये सुरंगी येते तेव्हा काही दिवस अबोलीकडे कोणी बघत नाही, सगळा बाजार वासामागे धावतो. सुरंगीचा भर ओसरला की पुन्हा अबोलीच. तिला वास नाही हे खरे, पण खुडलेले फूल दोन दिवस सहज टिकते. मोगऱ्याला ते जमत नाही.

लेखकमहाशय पूर्ण चुकले असेही नाही. लेखासोबतच्या फोटोत जी अबोली आहे, मोठ्या पाकळीची, गडद नारिंगी, तिला खरोखरच बी धरत नाही. फुलशेतीत तिला 'दिल्ली' म्हणतात. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे फूल येते, भरपूर येते, पण पुढे बोंड भरत नाही. तिची फांदीच लावावी लागते. हल्ली नर्सरीत बहुतेक हीच मिळते, कारण फूल मोठे आणि विक्रीला देखणे. शहरातल्या माणसाने अबोली म्हणून तेवढीच पाहिलेली असते, मग अबोलीला बी नसते असा समज होतो. गावठी अबोली वेगळी. तिचे फूल लहान, रंग जरा फिका, पण बोंडे भरघोस.

अबोलीचे कणीस चौधारी असते. फुले खालून वर उमलत जातात, आणि वरची उमलत असताना खालच्या हिरव्या पापुद्र्यांमागे बोंडे भरत असतात. प्रत्येक बोंडात बहुधा चार बिया. कणीस पुरते वाळून तपकिरी झाले की ते बोंड नुसते पाण्याची वाट बघत बसते. दव पडले, पावसाची सर आली किंवा कोणी झारीने पाणी घातले की तट्‌ करून फुटते आणि बिया हातभर लांब उडतात. म्हणून तर ती पायरीच्या फटीत, तुळशीवृंदावनाच्या बुडाशी, नळाच्या चौथऱ्यावर अशी कुठेही उगवते. पोरांना हा खेळ फार आवडतो. वाळकी बोंडे वाटीतल्या पाण्यात टाकायची आणि कान लावून बसायचे. आमच्याकडे शाळेच्या दप्तरात पेन्सिलीच्या तुकड्यांबरोबर ही बोंडे सापडायची.

ज्यांना बी धरायचे आहे त्यांनी एवढे करावे. वाळलेली कणसे दुपारी, दव पूर्ण उडाल्यावर, कात्रीने अलगद कापावीत. सकाळी ओल्या हाताने धरलीत तर बी हातात येण्याआधीच अंगणात जाईल. कापलेली कणसे पातेल्यात घालून वर थोडे पाणी शिंपडावे आणि लगेच झाकण ठेवावे. आत लाह्या फुटल्याचा आवाज येतो. तो थांबला की झाकण काढून बिया वेचून घ्याव्यात. बी चपटे असते, अंगावर खवल्यांसारखे केस असतात, आणि पाणी लागले की ते बुळबुळीत होते. त्याला घाबरायचे कारण नाही, त्या चिकटपणानेच ते मातीला धरून राहते. मात्र एकदा भिजलेले बी डबीत भरून ठेवू नये, त्याच दिवशी पेरावे. ठेवायचेच असेल तर वाळकी कणसे तशीच कागदी पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवावीत. फार जुने होऊ देऊ नये, ताज्या बियांची उगवण चांगली.

पेरायला गाळलेली माती, वाळू आणि कुजलेला पालापाचोळा पुरे. बी जेमतेम झाकेल एवढीच माती वर घालावी आणि ट्रे सावलीत, उबदार जागी ठेवावा. अबोलीला थंडी आवडत नाही. घाटावर डिसेंबरात पेरली तर नुसती वाट बघत बसाल. आमच्याकडे उबेत साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतात. इथेच लोकांचा धीर सुटतो. दहाव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून माती ओतून टाकतात. चार-सहा पाने झाली की पिशवीत लावावीत, आणि चांगली धरली की वाफ्यात हात-दीड हात अंतरावर. बियांच्या रोपाला फूल यायला पाच-सहा महिने लागतात, फांदीचे त्याआधी येते. घाई असेल त्याने फांदी लावावी, त्याला कोणाची हरकत नाही.

फांदीबद्दल लेखात बरोबर लिहिले आहे, एक-दोन गोष्टी मात्र राहिल्या. फांदी कोवळ्या शेंड्याची घ्यावी, बोटभर लांब, तीन-चार पेऱ्यांची. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली द्यावा. शेंड्याला कणीस असेल तर ते निर्दयपणे खुडावे, नाहीतर फांदी मुळे धरायचे सोडून फूल फुलवत बसते. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत. वाळूत खोचून वर पारदर्शक पिशवी उपडी घातली की महिन्याभरात मुळे धरतात. लेखात पावसाळ्यात लावा असे आहे. ते पुण्याला ठीक. आमच्याकडे आषाढात उघड्यावर खोचली तर ती कुजूनच जाईल. आम्ही पडवीत, पागोळ्यांच्या आत ठेवतो.

आता ज्याच्यासाठी खरे तर लिहायला बसले ते. बियांचा आग्रह मी हौसेने धरत नाही. अबोलीचा मोठा वैरी मातीत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सूत्रकृमी. झाड उभे असते, मरत नाही, पण वाढतही नाही. पाने बारीक होत जातात, पिवळट पडतात, कणसे आखूड येतात. लोक म्हणतात नजर लागली, कोणी युरिया टाकतो. उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसतात, किंवा मुळे काळी पडून झडलेली असतात. माझ्या जावेने एका नर्सरीतून अबोलीची पिशवीतली रोपे आणली, दिसायला अगदी तजेलदार. मातीच्या गड्ड्यासकट वाफ्यात लावली. पुढच्या वर्षी तिची जुनी, सासूच्या हातची अबोलीसुद्धा खुरटली. रोपाबरोबर माती आली आणि मातीबरोबर कृमी. आपण बी पेरले किंवा मुळे नसलेला शेंडा स्वच्छ वाळूत खोचला तर दुसऱ्याची माती आपल्या दारात येतच नाही. आणायचे तर शेजारणीकडून शेंडा आणावा, कणीस आणावे. मुळासकट रोप कोणाचे घेऊ नये, माझेसुद्धा.

ज्यांच्या वाफ्यात कृमी शिरली आहे त्यांनी औषधाच्या दुकानात धावण्याआधी झेंडू लावावा. आपल्याला तो दसऱ्याला लागतोच. झेंडूच्या मुळांत असे द्रव्य असते की ते या कृमींना मानवत नाही. एखाददुसरे झाड कोपऱ्यात लावून मात्र उपयोग नाही, सबंध वाफा झेंडूने दाट भरला पाहिजे. दसरा झाला की झेंडू काढून, मातीत निंबोळी पेंड मिसळून, त्याच जागी नवी अबोली लावावी. वांगी, टोमॅटो किंवा भेंडी होती तिथे लगेच अबोली लावू नये, गाठी करणारी कृमी त्या भाज्यांवरही पोसते. आणि रोगट झाडे उपटून माडाच्या आळ्यात टाकायची आपली जी सवय आहे ती सोडावी. जाळून टाकावीत.

माडापोफळीची विरळ सावली अबोलीला मानवते. सकाळचे ऊन मिळाले की तिचे भागते. मुळाशी पाणी साचलेले मात्र तिला अजिबात खपत नाही, म्हणून आम्ही तिला उंच वरंब्यावर घालतो. खत म्हणून शेणखत, आणि मासे धुतलेले पाणी. नंतर मांजरे येऊन वाफा उकरतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही. घाटावरच्या वाचकांना माती चुनखडीची आणि पाणी बोअरचे असे दोन्ही असेल तर नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसतील. तो रोग नव्हे, झाडाला लोह मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि कुंडीत पानांचे खत वाढवावे.

एक गोष्ट लेखात मुळीच आली नाही, ती रंगांची. रिक्षा चालवणाऱ्या बायकांच्या रिक्षांना सरकारने अबोली रंग दिला, तेव्हापासून मुंबईतल्या पोरांनाही हा रंग नावानिशी ठाऊक झाला. पण अबोलीचा रंग एकच नसतो. पिवळी आहे. रतन अबोली आहे, तांबूस, तिचा वळेसर गौरीला घातला की लांबून उठून दिसतो. फिकी, जवळजवळ कातडीच्या रंगाची आहे. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने अर्का अंबरा, अर्का कनका, अर्का श्रीया, अर्का श्राव्या अशा अबोलीच्या जाती काढल्या, शेतकऱ्याला त्यांचा फायदाही होतो. पण आमच्या दारांतले हे जुने रंग कुठल्याच यादीत नाहीत. ते म्हाताऱ्या बायकांच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत आहेत, आणि घर बंद पडून मुले मुंबईला गेली की परड्यासकट जातात. आमच्याच वाडीत पिवळी आता एका दारात उरली आहे.

वेंगुर्ल्याला कोकण कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती तिथल्याच, आणि आज कोकणात काजूची बाग करणाऱ्याला ही नावे सांगावी लागत नाहीत. तिथल्या मंडळींना माझी विनंती आहे. केंद्र फळांचे आहे हे मला कळते. तरी एक कोपरा गावठी अबोलीला द्यावा, तालुक्यात फिरून रंग गोळा करावेत, आणि काजू-आंब्याच्या कलमांबरोबर अबोलीच्या बियांची पुडी विकायला ठेवावी. दहा-वीस रुपयांना कोणीही घेईल. रोप नको, पुडीच हवी, कारण वर सांगितलेच आहे.

आणि पुरवणीच्या संपादकांनी त्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी. लेखकमहाशय कधी या बाजूला आले तर पातेले झाकून दाखवायला मी तयार आहे.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे, पाऊस थांबून कणसे वाळायला लागली आहेत. जुनी कणसे काढा, नवी फूट येते, असे लेखात आहे, आणि वाचक आता कात्री घेऊन निघतील. ज्यांच्या दारात गावठी अबोली आहे त्यांनी प्रत्येक झाडावर चार-पाच कणसे बियांसाठी ठेवावीत, त्यांना सुतळीचा तुकडा बांधावा म्हणजे घरातला दुसरा कोणी कापणार नाही. बाकीची खुशाल छाटावीत. छाटली की फूल वाढते, हे लेखात लिहिले आहे ते खरेच आहे.

आपली,
एक वाचक, ता. वेंगुर्ले
(नाव छापू नये, नाहीतर सगळी वाडी पिवळीचे कणीस मागायला माझ्याच दारात येईल.)