चासी नंबर न जुळणारा ट्रक विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (जुनी मालवाहू वाहने)

विषय : तुमच्याकडून घेतलेल्या ट्रकच्या चासीवरचा नंबर आणि कागदपत्रांवरचा नंबर वेगळा असल्याबाबत.

महोदय,

तुमच्याकडून घेतलेला ट्रक आज 23 दिवस माझ्या दारात उभा आहे. तो बिघडलेला नाही. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते, ब्रेक चांगले धरतात, टायरही ठीक आहेत. तरी तो रस्त्यावर काढता येत नाही, कारण कागदावर माझी म्हणून जी गाडी आहे, ती ही गाडीच नाही.

गाडी नावावर करायला नेली तेव्हा अधिकाऱ्यांनी नंबर दाखवायला सांगितले. मी दाराच्या खांबावरची पाटी दाखवली. तिच्यावरचा नंबर कागदाशी अक्षरन् अक्षर जुळला. ते म्हणाले, "ही पाटी झाली. चासीवर ठोकलेला नंबर दाखवा." माझा फिटर सोबत होता. तो पुढच्या उजव्या चाकामागे आडवा झाला आणि डिझेलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसू लागला. गिरीस आणि माती एकजीव होऊन असा थर बसला होता की तो काढायलाच पाव तास गेला. खाली आकडे स्वच्छ निघाले, सरळ एका ओळीत, कुठेही ग्राइंडर फिरवल्याची खूण नाही. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. काळ्या पट्ट्यात पांढरी अक्षरे एकेक करून उमटत गेली. पहिली आठ जुळली, मॉडेल एकच असल्यामुळे ती जुळणारच. पुढे मात्र फिटरचा हात थांबला. दहावे अक्षर कागदपत्रांत 'के' आहे, चासीवर 'एच' आहे. शेवटचे सहा आकडे तर पूर्णच वेगळे. अधिकाऱ्यांनी अर्ज तिथेच थांबवला आणि गाडी चालवणार नाही, विकणार नाही, असे माझ्याकडून लिहून घेतले.

त्याच दिवशी मी तुमच्या कार्यालयात फोन केला. "टायपिंगची चूक असेल, कागद दुरुस्त करून घ्या," असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर लिहितो.

हा नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यातल्या प्रत्येक जागेला काम असते. पहिली तीन अक्षरे उत्पादक सांगतात, मधली मॉडेल, आणि शेवटचे आकडे ती एकच गाडी. या उत्पादकाच्या नंबरात दहावे अक्षर वर्षाचे आहे. 'एच' म्हणजे 2017, 'के' म्हणजे 2019. टाइप करताना 8 चा 'बी' होईल, 5 चा 'एस' होईल, शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडतील. वर्ष दोनने बदलून पुढचे सहाच्या सहा आकडे बदलणे ही टायपिंगची चूक होऊ शकत नाही. तुमच्या विक्रीच्या कागदावर "उत्पादन वर्ष 2019" असे ठळक छापलेले आहे आणि मी पैसे मोजले ते 2019 च्या गाडीचे.

मला सर्वांत जास्त लागली ती मात्र दुसरीच गोष्ट. तुमच्या तपासणी अहवालात "चासी नंबर : प्रत्यक्ष पाहिला, जुळतो" असे लिहून पुढे बरोबरची खूण केली आहे. त्याखाली जो नंबर टाइप केला आहे त्यात शून्याच्या जागी 'ओ' हे अक्षर आहे. 17 अक्षरी नंबरात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरे कधीच वापरत नाहीत. 1 आणि 0 शी गल्लत होऊ नये म्हणूनच ती वगळलेली आहेत. उत्पादकाच्या नोंदीत हा नंबर कोणी एकदा जरी टाकून पाहिला असता, तरी तो जागेवर नाकारला गेला असता. आणि चासीवरचा तो थर तर कित्येक महिन्यांचा होता. तुमच्या माणसाने नंबर पाहिला असता तर तेवढी जागा तरी पुसलेली सापडली असती. गाडीखाली कोणी गेलेच नाही. कागदावरून कागदावर नंबर उतरवला आणि खूण केली. त्या खुणेवर विसंबून मी सही केली. मीही स्वतः खाली जाऊन पाहायला हवे होते, हे मी मान्य करतो. पण तपासणीचे पैसे तुम्ही माझ्याकडून वेगळे घेतले होते.

नंतर मी गाडी टोचन करून उत्पादकाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. तिथे स्कॅनर लावल्यावर गाडीच्या कंप्युटरमध्येही चासीवरचाच नंबर निघाला. दारावरच्या पाटीचे दोन रिव्हेट साधे, बाजारात मिळणारे आहेत, आणि त्यातला एक अजून चकाकतो आहे. पाटीभोवतीचा रंग खरवडलेला आहे. म्हणजे इंजिनासह सगळा सांगाडा 2017 च्या गाडीचा, आणि त्यावर 2019 च्या गाडीची पाटी व कागद. अपघातात केबिन चेपली की दुसरी केबिन बसवतात, त्यात काही गैर नाही. पण तेव्हा गाडीची ओळख चासीबरोबर राहते, केबिनबरोबर जात नाही. इथे ओळखच बदलली आहे. मी कागद एका गाडीचे घेतले आणि लोखंड दुसऱ्या गाडीचे.

मग या चासीचे खरे कागद कोणाकडे आहेत? ती चोरीची आहे, कर्ज थकलेली आहे की भंगारात काढलेली, याचा शोध घेणे तुमचे काम आहे. तुम्ही चोरी केली असे मी म्हणत नाही. पण गाडी तुम्ही विकत घेतली, तुम्ही विकली, आणि मधल्या तपासणीखाली तुमचा शिक्का आहे.

मला रात्री झोप लागत नाही ती पैशांपेक्षा माझ्या ड्रायव्हरच्या विचाराने. तो अकरा वर्षे माझ्याकडे आहे. हा ट्रक घेऊन मी त्याला लांबच्या फेरीवर पाठवले असते आणि वाटेत नंबर तपासला गेला असता, तर चौकीत बसला असता तो, मी नाही आणि तुम्हीही नाही. अपघात झाला असता तर विमा एका नंबरचा आणि गाडी दुसऱ्या नंबरची. ज्याला लागले असते त्याच्या घरच्यांनी भरपाईसाठी कोणाकडे पाहायचे?

गेल्या आठवड्यात तुमच्या प्रतिनिधीने गाडी बदलून देण्याची तयारी दाखवली, पण "कोणतीही तक्रार नाही" असे मी आधी लिहून द्यायचे. ते मी देणार नाही. तसे केले तर हाच ट्रक धुऊनपुसून पुन्हा तुमच्या आवारात उभा राहील आणि माझ्यासारखाच कोणीतरी तो घेऊन जाईल.

मला गाडीची पूर्ण रक्कम, तपासणीचे पैसे, टोचनचा खर्च आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेल्या भाड्याची भरपाई मिळावी. गाडी तुम्ही माझ्या दारातून न्यावी आणि ताबा घेतल्याच्या पावतीवर दोन्ही नंबर लिहावेत. दोन्ही नंबर पोलिसांना आणि उत्पादकाला लेखी कळवावेत, त्याची पोच मला द्यावी आणि उलगडा होईपर्यंत ही गाडी विक्रीला काढू नये. ती तुम्ही कोणाकडून घेतली त्या व्यवहाराचे कागद पोलिसांच्या हाती द्यावेत. तपासणीच्या वेळी काढलेले फोटो असतील तर तेही मला दाखवावेत. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी स्वतः पोलिसांकडे आणि ग्राहक न्यायालयात जाणार आहे. सोबत पेन्सिलच्या छापाची, तपासणी अहवालाची आणि वर्कशॉपच्या नोंदीची प्रत जोडली आहे. मूळ छाप माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाच्याही हाती देणार नाही.

गाडी पाहायला तुमचा माणूस कधीही येऊ शकतो. फक्त त्याने खाली जाऊन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, माझ्यासमोर त्याची छाप घ्यावी आणि त्या कागदावर सही करावी.

आपला,
एक ट्रकमालक