सनद आधी घे, क्लास नंतर लाव

ठाणे,
रविवार, सकाळ

प्रिय सुनंदा,

तुझा एलएलबीचा निकाल लागला हे कळलं. पेढे राहिले! आणि तुझा तो मेसेज, "आता डायरेक्ट जजची परीक्षा ना?" फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

डायरेक्ट नाही गं. आधी आपल्याकडे चांगल्या मार्कांचे नवे पदवीधर थेट बसू शकायचे. पण 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने पहिल्या पायरीच्या जजसाठी 3 वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. निकाल वाचून मी चिडले होते. ज्यांच्या घरी कोणी वकील नाही, त्यांनी सिनियरच्या तुटपुंज्या पैशात 3 वर्षं काढायची कशी? हा राग अजून गेलेला नाही. माझे सिनियर लोकलचा पास निघेल एवढंच देतात.

पण गेल्या महिन्यातलं ऐक. कळव्यातल्या एका घराच्या वाटणीचा दावा. सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले, म्हणून मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागणारा, अर्ज घेऊन मी उभी. समोरचे आजोबा मुरबाडहून पहिल्या एसटीने आलेले, हातात पिशवी, पिशवीत भाकरी. जजसाहेबांनी अर्ज बाजूला ठेवून त्यांनाच विचारलं, "बाबा, किती वाजता निघालात?" मग मुदत दिली, पण 500 रुपये खर्च आजोबांना लगेच द्या म्हणाले. त्यातले 200 माझ्या पर्समधले गेले. सिनियरकडून ते अजून यायचेत! दिवाणी संहितेतला ऑर्डर 17, तीनपेक्षा जास्त मुदती नकोत, हे मला पाठ होतं. आजोबांकडे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेही खुर्चीवरच्या माणसाने आधी पाहिलं म्हणून. तेव्हापासून मी बोर्डावरचे, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीतले, आकडे मोजण्याऐवजी दारातली माणसं बघते.

आता कामाचं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लगेच घे; बार कौन्सिलच्या परीक्षेसाठी थांबू नकोस, कारण 3 वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात. पुढे 10 वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागेल आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांचं शिक्कामोर्तब. म्हणून तुझी सही असलेले वकालतनामे (पक्षकाराने वकील नेमल्याचे कागद) आणि रोजनाम्यांच्या (कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदींच्या) नकला पहिल्या दिवसापासून फाईलला लाव. कोणा न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून काम केलंस तर तेही धरतात.

परीक्षा एमपीएससीचीच. पूर्व 100 मार्कांची, मग मुख्य, मग मुलाखत. जुन्या नोट्स रद्दीत घालू नकोस, पण 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आलीय, तेव्हा कलमांचे आकडे नव्याने पाठ करावे लागतील. 420 आता 318 मध्ये गेलं, आमच्या बारमध्ये अजून कोणाच्या तोंडात बसत नाही! निवड झाली की प्रशिक्षण, आपली न्यायिक अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे, समुद्राला लागून. मी एकदा बाहेरूनच बघून आले. हसू नकोस.

सात वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा देण्याचाही रस्ता आहे. आई म्हणते, तोवर तुझं लग्न कोण करणार. असो.

ठरवण्याआधी एक सोमवार ठाण्यात ये. स्टेशनवरून कोर्टनाक्याला चालत येता येतं. साडेदहाच्या आत पोच, अकराला पुकारा सुरू होतो आणि मागच्या बाकावर जागा मिळत नाही.

तुझी,
मेधा