स्पेन तुला आठवत नाही म्हणून

चिऊ,

काल तू म्हणालीस ना, मला स्पेनचं एक अक्षर आठवत नाही, मग चार वर्षांच्या पोरीला घेऊन कशाला गेलात, पैसे फुकट! तेव्हा माझे हात पिठात होते म्हणून गप्प बसले. आता लिहितेच, कारण तुला आठवत नसलं तरी त्या ट्रिपमध्ये सगळा दंगा तुझाच होता.

आपण तेव्हा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला होतो, तिथे जूनमध्येसुद्धा स्वेटर, त्यामुळे दक्षिण स्पेनमधल्या मालागाचं स्वस्त तिकीट दिसल्यावर बाबाने लगेच बुक करून टाकलं. उतरल्यावर बसने आधी नेर्हा नावाच्या समुद्रकाठच्या गावाला. तिथे समुद्रात घुसलेल्या कड्यावर एक मोठा सज्जा आहे, बाल्कोन दे एउरोपा. 1884 च्या डिसेंबरात त्या भागात भयंकर भूकंप झालेला, त्यानंतर राजा बारावा अल्फोन्सो पाहणीला आला आणि म्हणे हे नाव त्यानेच दिलं. आता तो ब्राँझचा होऊन रेलिंगला टेकून उभा आहे, आणि तू रोज संध्याकाळी जाऊन त्याला तुझ्या कोनमधलं आइस्क्रीम भरवायचीस. मागे फोटोसाठी लाइन लागलेली, तुला काही पडलेलं नाही!

तिथल्या गुहेचंही तेच. 1959 मध्ये गावातली पाच मुलं वटवाघळं पकडायला गेली आणि त्यांना ती गुहा सापडली, हे बाबाने तुला कौतुकाने सांगितलं. झालं, 32 मीटर उंचीचा तो चुनखडीचा खांब बघायला लोक कुठून कुठून येतात आणि तू प्रत्येक गार्डपाशी जाऊन मराठीत विचारतेयस, वटवाघूळ कुठाय.

पाणी मात्र गार, बापरे. मालवणच्या समुद्रात वाढलेला तुझा बाबा गुडघ्यापर्यंत गेला आणि ओरडत परत आला. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेने अटलांटिकचं थंड पाणी आत येतं ना, त्यामुळे तो किनारा उन्हाळ्यातही लवकर तापत नाही.

तुझ्या झोपेचं तर तिथे वाटोळंच झालं. स्पेनने 1940 मध्ये घड्याळ एक तास पुढे केलं ते परत मागे घेतलंच नाही, शिवाय उन्हाळ्यातला अजून एक तास, म्हणजे जूनअखेरीस कादिस शहरात, जिथे आपण नंतर गेलो, सूर्य मावळतो पावणेदहाला. हॉटेलांची किचनं रात्री साडेआठशिवाय उघडत नाहीत. नेदरलँड्समध्ये सात वाजता झोपणारी तू अकरा वाजता चौकात फुटबॉल खेळत होतीस, अनोळखी पोरांबरोबर, भाषा शून्य, आणि त्यांच्या आज्या बाकांवर बसून तुझ्यावरही ओरडत होत्या. मला ते फार आवडलं, खरं सांगते. लहान मूल आहे म्हणून कुणी घरी बसत नाही आणि मुलांना बाहेर आणलं म्हणून कुणी तोंडही वाकडं करत नाही.

मालागाला 23 जूनची रात्र आली, सान हुआनची, म्हणजे संत जॉनच्या सणाची. समुद्रावर शेकोट्या, आणि त्यात चिंध्यांचे मोठे मोठे बाहुले जाळतात. तू जे भोकाड पसरलंस! बाहुला जळतोय, त्याला काढा, काढा. आजूबाजूची माणसं आधी हसली, मग एक म्हातारी उठली, तुझा हात धरून पाण्यापाशी घेऊन गेली आणि तुझं तोंड समुद्राच्या पाण्याने धुतलं. बारा वाजता सगळे तेच करत होते, तशी रीतच आहे तिथे, पण तुला वाटलं ती तुझे डोळे पुसतेय, गप्प झालीस एकदम.

मालागाचं अजून एक म्हणजे एस्पेतो. जुन्या होडीत वाळू भरायची, त्यात ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ आणि बाजूला वेताच्या काडीत ओवलेल्या तारल्या. वर नुसतं जाडं मीठ. बाबाने फोनवर आजीला वर्णन करून सांगितलं तर ती म्हणाली, "आणि मसालो खंय?" तू काटे काढायच्या आत सहा खाल्ल्यास आणि मी शेजारी बसून टोमॅटो लावलेला पाव.

कादिसला मात्र आजी खूश झाली असती. तिथे बारीक कोळंबी अख्खी, सालासकट, चण्याच्या पिठात कालवून तळतात, म्हणजे आपली जवळ्याची भजीच. आणि तिथला समुद्र अटलांटिकचा, खरी भरती-ओहोटीवाला. भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम वीतभर हलतं, त्यामुळे कादिसच्या ला कालेता किनाऱ्यावर सकाळी होड्या वाळूत आडव्या पडलेल्या बघून तू दचकलीस, पाणी कुणी नेलं? बाबाने वाळूत गोळे काढून चंद्र वगैरे समजावलं. तू ऐकून घेतलंस आणि खडकांतल्या डबक्यांत खेकडे शोधायला पळालीस, आम्ही मागे. भरती चढायला लागली तरी बाहेर येईनास, शेवटी बाबाने खांद्यावर टाकून आणलं, तुझी एक चप्पल तिथेच गेली.

फोटो बाबाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत, पासवर्ड तो विसरलाय. रविवारी दोघं मिळून बसा त्याच्या मागे.

तुझी,
आई