दोन पासपोर्ट एकत्र बांधून देणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मला माहीत नाही. तुमच्या कोटावर नावाची पट्टी होती, परंतु पहिल्या रात्री माझे डोळे भरून आले होते आणि चष्मा पर्समध्ये होता, आणि दुसऱ्या रात्री आनंदाच्या भरात ती वाचायचे राहून गेले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर, न्यूयॉर्ककडे निघालेल्या प्रवाशांच्या काउंटरवर तुम्ही बसला होतात. मी कऱ्हाडची एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अमेरिकेत राहण्याची सहा महिन्यांची मुदत संपण्याच्या आत, परवाच, मी लेकीकडून परत आले. सामान घेऊन बाहेर पडल्यावर आधी वर निर्गमनाच्या दाराशी गेले, तुम्ही दिसाल या आशेने. पण हातात तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि नाव ठाऊक नसलेल्या व्यक्तीला निरोप तरी कसा पाठवायचा? म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते तुमच्यापर्यंत पोहोचावे, अशी मनापासून इच्छा आहे.

त्या रात्री तुमच्यासमोर जी बाई उभी होती तिच्यामागे काय घडून गेले होते, हे तुम्हाला पुरते कळले नसेल. २०१६ मध्ये मुलीच्या पदवीदान समारंभासाठी माझे यजमान आणि मी अमेरिकेला गेलो होतो. तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात आमची मुलाखत झाली आणि दोघांनाही दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. सगळी कागदपत्रे यजमानांनीच जमवली होती. मी केवळ बोटांचे ठसे दिले आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली. पुढे ते गेले. २०२२ मध्ये माझ्या पासपोर्टची मुदत संपली, तेव्हा नवा पासपोर्ट मी एकटीने काढला, आणि जुना, कोपरा कापून रद्द केलेला पासपोर्ट त्यांच्या पासपोर्टशेजारी कपाटात ठेवून दिला. लेकीचे पहिले बाळंतपण जवळ आले होते. जन्मात पहिल्यांदा एकटीने एवढा प्रवास करायचा, तोही दोन विमाने बदलून, म्हणून माझ्या हातून काही चूक होऊ नये यासाठी मी गावातल्या एका एजंटाकडे गेले आणि कागदपत्रे तपासून देण्याचे दोन हजार रुपये त्याला दिले. त्याने करोनाच्या लसीचे प्रमाणपत्र नीट काढून दिले, कारण त्या वेळी त्याशिवाय परदेशी प्रवाशाला अमेरिकेच्या विमानात बसू देत नसत. परंतु जुन्या पासपोर्टविषयी विचारले, तेव्हा त्याने मानही वर न करता सांगितले की तो रद्द झालेला आहे, उगाच बरोबर नेऊ नका, व्हिसाच्या पानाची रंगीत झेरॉक्स पुरेशी आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

आधी मी तुमच्या शेजारच्या काउंटरवर गेले होते. तिथल्या गृहस्थांनी झेरॉक्स दोन बोटांत धरून पाहिली, ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, 'व्हिसा नाही. नवा काढून या.' मी विचारले की आता काय करू, तर त्यांनी मागच्या प्रवाशाला पुढे बोलावले. झेरॉक्सवर मला विमानात बसवता येत नव्हते, हे मला मान्य आहे. पुरेशी कागदपत्रे नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि वर दंडही विमान कंपनीलाच सोसावा लागतो, हे मला नंतर जावयांनी समजावून सांगितले. नियम त्यांनी पाळला, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या अर्ध्या वाक्याची. त्या दिवसांत मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी ५०० दिवसांहून अधिक काळ थांबावे लागत होते, आणि माझ्या मुलीला दिवस भरायला तीन आठवडे उरले होते. 'नवा काढून या' हे तीन शब्द उच्चारायला त्यांना एक क्षण लागला. माझ्या दृष्टीने त्यांचा अर्थ असा होता की नातवंड चालू-बोलू लागेपर्यंत मी त्याला पाहणार नाही, आणि माझी मुलगी परक्या मुलखात एकटी बाळंत होणार.

मी सामानाच्या गाडीला धरून बाजूला उभी होते, तेव्हा तुम्ही उठून आलात. 'काकू, जुना पासपोर्ट कुठे आहे?' हा तुमचा पहिला प्रश्न होता. तो का आणला नाही, असे तुम्ही विचारले नाही. कुठे आहे, असे विचारलेत. मी सांगितले की कऱ्हाडला कपाटात आहे. 'फाडला नाही ना? व्हिसाचे पान शाबूत आहे ना?' मी मान हलवली, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते पाहून माझा श्वास परत आला. मग तुम्ही संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून नियम मला मराठीत वाचून दाखवलात: पासपोर्टची मुदत संपली म्हणून त्यातला व्हिसा संपत नाही; तो फाटलेला किंवा खराब झालेला नसेल आणि जुना व नवा पासपोर्ट एकाच देशाचे, एकाच प्रकारचे असतील, तर दोन्ही जवळ ठेवून प्रवास करता येतो. केवळ मूळ व्हिसा हातात हवा, झेरॉक्स चालत नाही. वर्गात मुलाला गणित अडते तेव्हा उत्तर सांगून मोकळे न होता पाटीवर पायरी दाखवावी लागते, हे मी आयुष्यभर केले. साठी उलटल्यावर माझ्यासाठी ते कुणीतरी करील, असे वाटले नव्हते.

तिकीट दुसऱ्या दिवसावर कसे गेले, तुम्ही कुणाकुणाशी बोललात आणि मला पुन्हा बाहेर कुणी सोडले, हे सगळे माझ्या डोक्यावरून गेले आणि ते इथे सांगण्याचे कारणही नाही. मात्र माझ्या पुतण्याशी तुम्ही स्वतः फोनवर बोललात, ते आठवते. कपाटात दोन जुने पासपोर्ट होते, आणि तुम्ही त्याला दोन्हींचे फोटो पाठवायला लावून त्यातला माझा कोणता, हे निश्चित करून घेतलेत. दुसरा कुणाचा, हे तुम्ही विचारले आणि मी सांगितल्यावर काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवलात. पुतण्या रात्रीच निघाला आणि सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत उजाडताना डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे पोहोचला. त्या मुलाचेही उपकार मोठे आहेत, पण तो घरचा आहे. त्याचे आभार मी वेगळ्या रीतीने मानीन.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती सांगते. दुसऱ्या रात्री मी आले तेव्हा तुम्ही मला लांबूनच ओळखलेत. दोन्ही पासपोर्ट तपासलेत, व्हिसाच्या पानावर बोट फिरवून त्याच्या कडा पाहिल्यात, सामान पुढे पाठवलेत, बोर्डिंग पास दिलेत. तुमचे काम तिथे संपले होते आणि माझ्यामागे रांग उभी होती. तरी तुम्ही क्षणभर थांबलात, मनगटावर अडकवलेले गडद हिरव्या रंगाचे केसांचे रबर काढलेत, नवा पासपोर्ट वर आणि जुना खाली असे ठेवून ते रबर दोघांभोवती दोनदा गुंडाळलेत आणि म्हणालात, 'काकू, आता ही जोडी घरी परत येईपर्यंत सोडायची नाही. जिथे एक मागतील तिथे दोन्ही द्यायचे.' मग हळूच जोडलेत, 'पिशवीत खायचे काही आहे का, असे तिथे विचारतील. हो म्हणा आणि काय आहे ते सांगा. लपवू नका.' डिंकाचे लाडू होते. तुम्ही हसलात.

ताई, हे रबर देणे तुमच्या नोकरीत बसत नव्हते. नियम सांगणे, तिकीट पुढे ढकलणे ही कामे कर्तव्यात येतात असे कुणी म्हणेलही, जरी त्याच खोलीत दुसऱ्या कुणाला ती करावीशी वाटली नव्हती. परंतु मी पुढच्या अनोळखी विमानतळावर घाबरेन, एक पासपोर्ट पर्समध्ये आणि दुसरा पिशवीत ठेवीन, आणि भांबावून चुकीचा पुढे करीन, हे तुम्ही आधीच पाहिलेत. मी तुमच्या काउंटरवरून निघून गेल्यानंतरच्या माझा विचार तुम्ही केलात. वाटेत विमान बदलताना कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा झोपेने माझे हातपाय चालत नव्हते. मी नुसती ती जोडी पुढे केली. न्यूयॉर्कला अधिकाऱ्याने रबर काढले, दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून पाहिले, कशासाठी आलात आणि किती दिवस राहणार, हे विचारले. माझे इंग्रजी वाचण्यापुरते आहे. मी 'डॉटर, बेबी' एवढेच म्हणू शकले. लाडवांचेही सांगितले. त्यांनी जुलैच्या मध्यापर्यंतची मुदत दिली, आणि दोन्ही पासपोर्ट परत देताना ते रबर पुन्हा पहिल्यासारखे गुंडाळून दिले. ते पाहून मला तिथेच रडू आले, कारण सात समुद्रांपलीकडचा एक अनोळखी मनुष्य तुम्ही सुरू केलेले काम पुढे चालवत होता.

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक कार्यालयांच्या खिडक्यांसमोर उभी राहिले आहे. दाखल्यासाठी, वेतननिश्चितीसाठी, यजमानांच्या मृत्यूनंतर कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी. कागद अपुरा असेल तर तो अपुरा आहे, हे सांगणारी माणसे सगळीकडे भेटतात. कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल, हे सांगणारी थोडी असतात. सांगून झाल्यावर समोरच्या माणसाची वाट पाहणारी त्याहून थोडी. ही सभ्यता शिकलेल्यांकडेच असते असे नाही आणि मोठ्या पदावर असते असेही नाही. त्याच रात्री दारावरच्या एका जवानाने मला स्वतःची खुर्ची दिली होती. परदेशी जाणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांची संख्या आपल्याकडे घरोघरी वाढली आहे. मुले तिकीट पाठवतात, व्हिसा असतो, पैसे असतात. पण काउंटरपासून विमानाच्या दारापर्यंत ती माणसे अगदी एकटी असतात, आणि त्या अंतरात त्यांना भेटणारा पहिला माणूस कसा निघतो यावर त्यांचा सगळा प्रवास ठरतो. मला तुम्ही भेटलात.

फेब्रुवारीत नात झाली. मी तिथे होते. पहिल्या रात्री ती माझ्याच मांडीवर झोपली. तिचा जन्म तिथला, म्हणून पासपोर्टही तिथला. आता तिला आजीच्या घरी कऱ्हाडला यायचे तर आपल्या देशाचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड, लागणार, हे लेकीने सांगितले तेव्हा मला कसेसेच झाले. त्यासाठीचे कागद लेक-जावई जमवत आहेत. ती मुंबईच्या विमानतळावर उतरेल, तेव्हा तिथल्या खिडकीतही तुमच्यासारखेच कुणी बसलेले असावे, असे सारखे मनात येते.

ते हिरवे रबर थोडे सैल झाले आहे, तरी दोन्ही पासपोर्टांभोवती अजून आहे. परत आल्यावरही मी ते सोडवलेले नाही. माझा व्हिसा २०२६ पर्यंत आहे. त्याआधी एकदा पुन्हा जाईन, तेव्हा रांग कितीही मोठी असली तरी तुमच्याच काउंटरवर येईन, चष्मा लावून येईन, आणि तुमचे नाव वाचीन.

आपली कृतज्ञ,
कऱ्हाडच्या काकू