तुझ्या स्वॅबच्या रिपोर्टबद्दल

चि. सौ. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सविस्तर बोलता आलं नाही. समोर तुझे बाबा होते, आणि 'अंगावरून जातं' एवढं ऐकलं तरी ते पेपर घेऊन गॅलरी गाठतात. म्हणून लिहितेय.

गरोदरपणातल्या या रिपोर्टमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं, आलं म्हणून तू अस्वच्छ राहतेस असं मुळीच नाही. योनीमार्गात जंतू असतातच, असायलाच हवेत. १८९२ साली डोडर्लाइन या जर्मन डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं. ते बहुतांशी लॅक्टोबॅसिलस, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. लॅक्टिक ॲसिड तयार करून ते जागा आंबट ठेवतात, पीएच साडेचारच्या खाली, आणि तिथे इतरांचं फावत नाही. ते घटले की गार्डनेरेला नावाचे जंतू आणि मंडळी वाढतात. मग पातळ, राखाडीसर जातं, माशासारखा वास येतो. कितीतरी जणींना काहीच जाणवत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी याचा संबंध आहे, ते तुझ्यापासून लपवणार नाही. हे जंतू गर्भपिशवीच्या तोंडातून वर गेले तर आत दाह होतो, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, तोंड मऊ पडतं आणि कळा किंवा पाणी वेळेआधीच सुरू होतं. पण असे जंतू सापडलेल्या बहुतेक बायका पूर्ण दिवस भरूनच बाळंत होतात. आणि जंतू मारले की धोका टळला, इतकं सरळही नाही. फ्रान्समध्ये कमी जोखमीच्या गरोदर बायकांना यासाठी क्लिंडामायसिन हे जंतू मारणारं औषध देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला, फार लवकर होणारी बाळंतपणं कमी झाली नव्हती. तुला त्रास होतोय म्हणून डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल दिलंय. ते गरोदरपणात चालतं. कोर्स पुरा कर.

'मलाही टाका घालतील का?' असं विचारलंस. पिशवीच्या तोंडाला टाका घालतात तो ते तोंड आखूड असेल किंवा आधी दिवस राहून गर्भ गेलेला असेल तर, जंतूंसाठी नाही. हा टाका आपल्या शिरोडकरांचा बरं का. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मुंबईत काम करत. १९५५ च्या सुमारास ते बाईच्याच मांडीतल्या पडद्याची पट्टी काढून पिशवीच्या तोंडाभोवती ओवत. पुढे धागे आले, आणि त्यातूनच जंतूंचा वाद निघाला. लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलं की विणलेल्या धाग्यात नको ते जंतू घर करतात, एकेरी धागा बरा. कुणालाही पटेल असंच होतं. मग ब्रिटनमध्ये दोन हजारांवर बायकांत दोन्ही धागे वापरून पाहिले. २०२२ चा निकाल: गर्भ दगावण्याच्या प्रमाणात फरक नाही! पटतंय म्हणून खरं असेलच असं नाही, हे मी नोकरीत कितीदा पाहिलं.

तुझ्या सासूबाई तुरटीच्या पाण्याने आतून धुवायला सांगतात, त्याचंही तसंच. आतून काहीही धुवायचं नाही. उरलेसुरले चांगले जंतूही जातात. त्या जाहिरातीतल्या सुगंधी वॉशलाही हात लावू नकोस. बाहेरून साधं पाणी पुरे. चांगल्या जंतूंच्या, म्हणजे प्रोबायोटिक, कॅप्सूलनी बाळंतपण वेळेवर होतं हे सिद्ध झालेलं नाही, पैसे वाचव. दही आवडतं म्हणून खा.

लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टींवर. पाण्यासारखं जाणं, रक्त दिसणं, पोट थांबून थांबून कडक होणं, कंबरेत कळ येऊन जाणं. लेबर वॉर्डात आम्ही विचारायचो, 'पाणी कधीपासून जातंय?' बाई म्हणायची, 'सकाळपासून,' आणि घड्याळात रात्रीचे नऊ. घरच्यांना उगाच कशाला त्रास, हेच कारण. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉईडची इंजेक्शनं देतात, त्यांचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. तेव्हा रात्री दोनला वाटलं तरी जावईबापूंना उठव. खोटा गजर निघाला तर निघाला.

पुढच्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी किती आली ते विचारून घे आणि मला कळव.

तुझी,
आई