पाय सुजले म्हणून बीपीची गोळी बंद केली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. आमचे नाना, वय ६८, दीड वर्षापासून अ‍ॅमलोडिपिन घेत होते, बीपी १३० च्या आसपास राहायचं. मग संध्याकाळी पाय सुजायला लागले, घोट्यावर बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. गल्लीत कुणीतरी सांगितलं की गोळीने किडनी गेली, बंद करा, आणि नानांनी केली, घरात कुणालाच न सांगता. मी एकदा विचारलं तर म्हणे, "माले काही व्हस नही, मंग गोयी कसाले खाऊ?" खरंच काही होत नव्हतं, बीपी वाढलं तरी बहुतेकांना कळतच नाही, हेच तर त्याचं वाईट आहे. दोन महिन्यांनी सकाळी हातातून चहाचा कप सुटला, तोंड वाकडं झालं, दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी १९०/११०. उजवा हात अजून नीट उचलत नाही. नंतर देव्हाऱ्यामागे चार भरलेल्या पट्ट्या सापडल्या, एकही गोळी फोडलेली नव्हती.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे काही जणांचे पाय सुजतात, डोस कमी करून किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देऊन ते थांबतं. सूज हृदयाची किंवा किडनीची पण असू शकते म्हणून दाखवायलाच पाहिजे. पाच मिनिटांचं काम होतं हो! पण गोळी सुरू केली तेव्हा आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही, आणि त्याचा राग अजून जात नाही.

आमच्याच भावकीतल्या एका काकूंना रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागला, चार महिने खोकल्याची औषधं पित बसल्या, गोळी बदलल्यावर काही दिवसांत गेला. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या गोळ्या तर मनाने एकदम सोडूच नका, हृदयाच्या पेशंटला त्याने छातीत दुखू शकतं, अटॅकसुद्धा येऊ शकतो. आणि आता आपल्याकडे पारा ४५ ला जाईल, ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांना उन्हात घाम जाऊन चक्कर येते, लोक घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करतात. तसं न करता बीपी मोजून घ्या, डोस डॉक्टर ठरवतील.

१७ मेला जागतिक उच्च रक्तदाब दिन असतो. त्या दिवशी कार्यक्रमांचे फोटो छापण्याऐवजी कोणत्या गोळीने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, एवढं एखाद्या डॉक्टरांकडून सोप्या भाषेत लिहून घेऊन अर्धं पान छापा, ही कळकळीची विनंती. जमलं तर अहिराणीत छापा, नानांसारखे लोक पारावर बसून पेपर मोठ्याने वाचतात.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव