संजू, आधी भूक बघ

पंचवटी, नाशिक
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय संजू,

पोटाच्या तक्रारींचा तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनवर घाईघाईत बोलण्याचा हा विषय नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

मोबाइलवरच्या चाचणीने तुला ‘पित्तप्रकृती’ ठरवलं आणि लगोलग पित्त कमी करणाऱ्या चूर्णांचे डबेही विकले. ते डबे तूर्त बाजूला ठेव. वात, पित्त, कफ हे आयुर्वेदातले तीन दोष सारख्या मापात आले की संतुलन झालं, ही समजूत आधी डोक्यातून काढ. जुना आयुर्वेदाचार्य वाग्भट, त्याने आपल्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय, ‘रोगस्तु दोषवैषम्यं दोषसाम्यमरोगता’. दोष बिघडले की रोग, ते समस्थितीत असले की आरोग्य. पण ही समस्थिती ज्याची त्याची वेगळी. तुला शाळेपासून भूक सहन व्हायची नाही, घाम सगळ्यांच्या आधी यायचा, केस लवकर पिकले. ही तुझी प्रकृती आहे, जन्माबरोबर आलेली. तिला आजार समजून खाली ओढायला गेलास तर जे नीट चाललंय तेच बिघडेल.

बिघडलाय तो अग्नी, म्हणजे पचनशक्ती. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न भुकेचा विचारतो, कारण वाग्भटाच्याच शब्दांत ‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’, सगळे रोग अग्नी मंदावल्यावरच होतात. अग्नीच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत. वाताने तो विषम होतो, म्हणजे आज भूक कडाडून लागते आणि उद्या अजिबात नाही. पित्ताने तीक्ष्ण होतो, कफाने मंद. चौथा सम, तो आपल्याला हवा. तू लिहितोस, कधी रात्री अकराला पोटात आग पडते, तर कधी दिवसभर जेवावंसं वाटत नाही आणि पोट फुगतं. संजू, हे नुसतं पित्त नाही. इथे वात शिरलाय, आणि तो कुठून आला हे तुझ्या रात्रपाळीवरून सरळ दिसतंय. रात्रीचं जागरण रुक्षता वाढवतं, असं चरकाने, आयुर्वेदाच्या दुसऱ्या थोर आचार्याने, स्वच्छ सांगितलंय, आणि रुक्षता हा वाताचाच गुण.

त्यात तू रात्री नऊला जेवतोस, बाराला वडापाव, अडीचला पुन्हा काहीतरी. याला अध्यशन म्हणतात, आधीचं पचलं नसताना वरून खाणं. निम्म्या शिजलेल्या भातात मूठभर कच्चे तांदूळ टाकले तर जे होईल तेच पोटात होतं. आधीचं जेवण पचलं हे ओळखायच्या खुणाही शास्त्रात दिल्यात: ढेकर स्वच्छ येतो, अंग हलकं वाटतं, उत्साह असतो, मलमूत्राचे वेग वेळेवर येतात, आणि खरी भूक-तहान लागते. घड्याळापेक्षा या खुणांवर जास्त विश्वास ठेव.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. घराचे हप्ते मला माहीत आहेत. आपल्या ग्रंथकारांनीही माणसाच्या अडचणी ओळखल्या होत्या. सवय नसताना जागरण घडलं, तर जेवढं जागलास त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोप, पण काही न खाता, असं वाग्भट सांगतो. म्हणून मुख्य जेवण कामावर बसण्याआधी, संध्याकाळी साडेसात-आठला कर. पोटाचे चार भाग मानून दोन अन्नाने आणि एक पाण्यासारख्या द्रवाने भर, चौथा वायूला मोकळा सोड. रात्री खरंच भूक लागली तर साळीच्या लाह्या किंवा मुगाचं कढण. काळ्या मनुका भिजवून चालतील. वाग्भटाने द्राक्षाला फळांमध्ये उत्तम म्हटलंय, हे नाशिककराला सांगताना मला फार बरं वाटतं.

आता ऋतू. पावसाळ्यात पित्त साचतं आणि शरदाच्या उन्हात ते उसळतं. सध्या निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी द्राक्षबागांच्या गोडी छाटणीच्या धांदलीतून माझ्याकडे येतात. पहाटे चहा, दुपारपर्यंत पोटात काही नाही, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. डोळ्यांची आग, तोंड येणं, मूळव्याध, तक्रारी त्याच. शरदात कडू, गोड, तुरट चवीचं खावं, दही टाळावं, पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नये. दुपारी बाराला तर्रीची मिसळ आणि वर दही, हा बेत निदान थंडी पडेपर्यंत नको. या ऋतूत सांजवेळी गच्चीवर चांदण्यात बसावं, असंही ऋतुचर्येत आहे. कोजागरीला वहिनींना आणि मुलांना घेऊन वर जा, पण दूध बेतानं पी आणि त्यावर भजी नकोत.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो. वात-पित्त-कफ रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत आणि नाडी बघून पोटातला व्रण नक्की कळत नाही. अन्न गिळताना अडकत असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. रक्तदाबाची गोळी माझ्या किंवा कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नकोस. त्या डब्यांपैकी एकात भस्म, म्हणजे धातू-खनिजं जाळून केलेलं औषध, आहे असं लिहिलंयस. ते तर उघडूही नकोस. कुणी, कशापासून आणि कसं बनवलं हे ठाऊक नसलेल्या भस्मात शिसं किंवा पारा असू शकतो. आणि ज्याने तुला पाहिलंच नाही त्याने ते तुला द्यावं, हे मला पटत नाही. देश आणि काळ जाणून, ‘पुरुषं पुरुषं वीक्ष्य’, म्हणजे माणूस माणूस पाहून औषध योजतो तो उत्तम वैद्य, असं चरक म्हणतो.

आजपासून कधी जेवलास, भूक केव्हा लागली, झोप किती झाली, एवढंच वहीत लिहीत जा. दिवाळीला येशील तेव्हा ती वही आणि जुने रिपोर्ट दोन्ही आण. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दवाखाना सकाळचाच आहे; शेवटचा पेशंट तू.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद